डाक्टर रवंथ करलालाय

१७ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून रोज लिहून ठेवायचं, असा दीपमालाचा हुकूम आहे.

झालं असं की परवा मी मोटारसायकल चालू ठेवूनच दवाखान्यात गेलो. तासाभरानं बाहेर येऊन ओरडलो, "कुणाची गाडी हाय रे ही? पेट्रोल उगं जाळलालाय!" लोक म्हणले, तुमचीच. ही या महिन्यातली तिसरी खेप. घरी कळायचं ते कळलंच. दीपमाला म्हणाली, "अहो, डोक्यात राहत नसंल तर कागदावर ठेवा. न्हाईतर एक दिवस आम्हा मायलेकीलाच कुठंतरी चालू ठेवून याल."

तर नोंद. मी सोमलिंग बिराजदार, वय एकेचाळीस, पशुधन पर्यवेक्षक. उमरग्यापासून चौदा किलोमीटरवर आमचा जनावरांचा दवाखाना आहे. डॉक्टरची खुर्ची चौदा महिने रिकामी आहे. त्यामुळं लोक मलाच डॉक्टर म्हणतात आणि वरचे साहेब मलाच डॉक्टरचं काम सांगतात. माझी स्वतःची गावं सात. शेजारच्या दवाखान्याचे बाबूराव जूनपासून आजारी रजेवर आहेत, त्यांची पाच गावंही माझ्याच गळ्यात. १५ डिसेंबरपर्यंत या बारा गावांतल्या चार हजार आठशे साठ जनावरांना लाळ्या-खुरकुताची लस द्यायची. शिवाय प्रत्येकाच्या कानातल्या बिल्ल्यावरचा बारा आकडी नंबर मोबाइलच्या ॲपमध्ये भरायचा. नंबर भरला नाही तर लस दिलीच नाही असं धरतात. मग म्हैस स्वतः साक्षीला आली तरी उपयोग नाही.

दीपमालाचं म्हणणं, मी थकलोय. मी थकलेलो नाही. फक्त बसलो की उठावंसं वाटत नाही, आणि उठलो की कशाला उठलो ते आठवत नाही. हे काही थकणं नव्हे. वय आहे.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आज १९४ जनावरं.

आमचे परिचर बलभीममामा येत्या मे महिन्यात निवृत्त होणार. माझ्या सोबतीला तेवढे एकच. त्यांची एक रीत आहे. दुपारी एक वाजला की भाकरी सोडायची. दीड वाजता गोठ्यात, झाडाखाली, नाहीतर मारुतीच्या पारावर पोतं अंथरायचं आणि अर्धा तास झोपायचं. आज समोर साठ म्हशी दाव्याला उभ्या, मालक ताटकळलेले, आणि मामा पोत्यावर.

मी म्हणलं, "मामा, लोकं काय म्हणतील?"

मामा डोळे न उघडता म्हणले, "म्हशी तर काय म्हणत न्हाईत की साहेब."

अशानंच देश मागं पडतो. मी एकट्यानं साठ म्हशी केल्या. त्यातल्या चौघींना दोनदा टोचणार होतो, मालकांनी आरडाओरड केली म्हणून वाचल्या.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज लसीकरण बंद. मेहुण्याच्या बायकोचं, भैरवीचं, डोहाळजेवण होतं उमरग्यात.

लिहू का नको, असं झालंय. पण खरं लिहायचं ठरलंय तर लिहितो. हॉल माणसांनी भरलेला. भैरवी फुलांचे दागिने घालून झोपाळ्यावर बसलेली. तिची सोलापूरची मावशी माझ्याशेजारी येऊन बसली. काहीतरी बोलावं म्हणून मी भैरवीकडं बघत, गाभण म्हशीच्या मालकाला विचारतो तशाच आपुलकीनं विचारलं, "कितवं वेत?"

वाजंत्री नेमकी त्याच क्षणाला थांबली होती.

सासरेबुवा खोकले. मावशी उठून दुसऱ्या रांगेत गेली. मी सावरायला गेलो आणि म्हणलं, "न्हाय, म्हणजे खुराक चांगला ठेवा, शेवटच्या दोन महिन्यांत कॅल्शियम कमी पडतं." सल्ला बरोबरच होता. पण कुणी ऐकून घेतला नाही. भैरवी एकटी हसली, पोट धरून हसली. पोरगी चांगली आहे.

येताना दीपमाला गाडीवर माझ्यापासून वीतभर अंतर ठेवून बसली होती.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

बाबूरावांच्या पाच गावांतलं डोणवाडी संपलं असं मी जाहीर करणार होतो. तेवढ्यात ॲपनं दाखवलं, एक बाकी. ती एक म्हणजे कडूबाईंची म्हैस, बसवंती.

कडूबाई सत्तरीच्या आहेत. घरात एकट्या, म्हैस एकटी. ही म्हैस त्यांनी बसवकल्याणच्या बाजारातून आणली. गेल्या दोन वर्षांत कुणालाही तिला सुई लावता आलेली नाही. बाबूरावांना तिनं उकिरड्यात बसवलं होतं म्हणे.

मी वेसण धरली आणि म्हणलं, "हो हो, थांब थांब."

कडूबाई ओट्यावरून म्हणल्या, "तिला मराठी कळंना रं. कानडी बोल."

मला कानडी दहा शब्द येतात. त्यातले सात शिव्या आहेत. घाईत काय बोललो कुणास ठाऊक. बसवंतीनं एकदा माझ्याकडं बघितलं, आणि पुढं मी पाण्याच्या हौदात होतो. सुई वर धरलेली, लसीची पेटी सुखरूप, बाकी सगळा मी पाण्यात.

कडूबाईंनी हात देऊन बाहेर काढलं. पुसायला पदर दिला. मग सरळ माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून आत बघितलं. मी जनावरांची बघतो तशीच.

"जीभ काढ."

काढली. का काढली ते सांगता येत नाही.

"खातूस का?"

"खातो."

"आन रवंथ?"

"मी माणूस आहे कडूबाई."

"व्हय, पन जे जनावर नुसतं गिळतंय आन निवांत बसून रवंथ करंना, त्ये आजारी. ह्ये तर तूच मला सांगिटलास दोन वर्साखाली, दवाखान्यात."

सांगितलं असेल. पण ते गाईबद्दल सांगितलं होतं. ओल्या पँटनं पुढच्या गावात गेलो. आजचा आकडा ८८. लाज वाटली.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

आरोही पाचवीत आहे. शाळेतून येऊन म्हणाली, "पप्पा, बाईंनी फॉर्म परत दिलाय. माझा आधार नंबर चुकीचा आहे म्हणल्या."

तपासला. आधार बारा आकडी, जनावराच्या कानातला बिल्लाही बारा आकडी. फॉर्ममध्ये मी भरलेला नंबर श्रीमंत पाटलांच्या लाल कंधारी गाईचा निघाला. वय सहा, दुभती, स्वभाव गरीब.

दीपमालानं कपाळावर हात मारला. आरोहीला मात्र आनंद झाला. तिनं विचारलं, "मग माझी खुरकुताची लस झाली का?"

"झाली. परवाच."

"दुखलं न्हाई मला," ती म्हणाली.

२९ नोव्हेंबर, शनिवार

आज २१०! विक्रम. जेवलो का आठवत नाही. दीपमाला म्हणते, दोनदा जेवलात.

२ डिसेंबर, मंगळवार

किरकोळ अपघात. उगीच मोठा करू नये.

श्रीमंत पाटलांच्या गोठ्यात होतो. एकशे एकतिसावी म्हैस. तिच्या अंगाला अंग लावून उभा होतो, कारण उभं राहायला बरं वाटत होतं. म्हैस गरम असते. पुढचं मला नीट ठाऊक नाही. बलभीममामा सांगतात, मी घोरत होतो. उभ्यानं, सुई हातात. मग एकाएकी जागा झालो आणि समोर जी काळी कातडी दिसली तिच्यात सुई घातली.

मामांनी झडप घालून माझं मनगट धरलं. "साहेब! दाबू नका! मांडी तुमची हाय!"

माझी काळी पँट होती.

लस आत गेली नाही, नुसती सुई गेली. तरी मी खिशातून मोबाइल काढला आणि विचारलं, "बिल्ला नंबर?" पाटलाच्या वाड्यावरची माणसं तिथंच बसली, हसून हसून. मामा मात्र हसले नाहीत. त्यांनी माझ्या खिशातून गाडीची चावी काढून घेतली आणि म्हणले, "मागं बसा." मामांना गाडी येते हे मला अकरा वर्षांत ठाऊक नव्हतं. कधी विचारलंच नव्हतं.

उमरग्यात डॉ. निकिता म्हणून तरुण बाई आहेत. त्यांनी जखम धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, मग दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघितला. पुन्हा बघितला. मग दुसरं मशीन आणवलं.

"एकशे शहात्तर, एकशे आठ. आठ दिवस पूर्ण विश्रांती."

"पंधरा तारखेनंतर घेतो मॅडम."

"पंधरा तारखेनंतर काय आहे?"

"वासरांना बिल्ले मारायचेत."

"त्यानंतर?"

"शेळ्या-मेंढ्यांची लस."

"त्यानंतर?"

"घटसर्प आणि फऱ्याची लस. पावसाळ्याच्या आधी."

"आणि त्यानंतर?"

मी हिशेब करून खरं तेच सांगितलं. "निवृत्ती. दोन हजार बेचाळीस."

बाईंनी सर्टिफिकेट लिहिलं आणि गोळ्या दिल्या. सर्टिफिकेट या डायरीत मागच्या पानांत ठेवलंय. दीपमालाला सांगायचं नाही, उगं घाबरंल. मामांनाही बजावलंय.

३ डिसेंबर, बुधवार

तरीपण साहेबांना फोन करून रजेचं विचारून बघितलं. विचारायला काय जातंय? साहेब म्हणले, "बिराजदार, तुमच्याशिवाय कोण आहे आपल्याला?"

इतकं बरं वाटलं! एकोणीस वर्षांच्या नोकरीत असं कुणी म्हणलं नव्हतं. दिवसभर तेच मनात घोळत होतं. तुमच्याशिवाय कोण आहे. त्या भरात १९८ केली. मांडी ठणकतेय. डावा हात जरा जड वाटतोय, लसीच्या पेटीमुळं असणार.

६ डिसेंबर, शनिवार

आज जे झालं ते सगळं लिहायला दोन पानं लागतील.

पुन्हा डोणवाडी, पुन्हा बसवंती. ठरवून गेलो होतो, आज सोडायची नाही. दावं आणलं, मामांना आणलं, दोन गडी बोलावले. कडूबाईंनी गडी हाकलून दिले.

"म्हस बिथरती ती तुला बघून. वाऱ्यावानी आत येतूस, आरडतूस, हात थरथर करलालेत. जनावराला समदं कळतंय. तू आदी गार हो. हितं पड."

लिंबाच्या झाडाखाली बाज होती. बसवंतीपासून आठ हातांवर. मी म्हणलं, "पाच मिनिटं. ती शांत होईस्तोवर."

सकाळचे अकरा चाळीस झाले होते.

डोळे उघडले तेव्हा ऊन दुसऱ्या बाजूला गेलं होतं. अंगावर वाकळ. पायातले बूट काढलेले. बाजेच्या पायथ्याशी दीपमाला बसलेली, मांडीवर तिची पर्स. आरोही बसवंतीला कडब्याची एकेक पेंडी सोलून भरवत होती. मामा पोत्यावर झोपलेले. पावणेचार वाजले होते.

मी ताडकन उठून मोबाइल शोधला. मोबाइल कडूबाईंच्या ज्वारीच्या कणगीत होता. "सारका वराडत हुता," त्या म्हणल्या, "म्हून झोपिवला."

एकतीस फोन. त्यातले दोन कडूबाईंनी घेतले होते. एक साहेबांचा. हे मला मामांनी शब्दाशब्दानं सांगितलं, कारण फोनचा आवाज लई मोठा आहे.

साहेब: "हॅलो, बिराजदार? आकडा काय झाला?"

कडूबाई: "डाक्टर रवंथ करलालाय. मागनं करा."

साहेब: "काय करतोय? कोण बोलतंय?"

"कडूबाई."

"कोणत्या पदावर आहात?"

"वसरीवर हाय की. पदावर कशाला जाऊ?"

फोन बंद.

दुसरा दीपमालाचा. कडूबाई तिला म्हणल्या, "नवरा सापडलाय, घिऊन जा. सुई मांडीत मारून घेतलाला त्योच न्हवं?" अशा रीतीनं ते घरी कळलं. दीपमाला घाबरून डायरी चाळायला गेली, सर्टिफिकेट सापडलं, आणि ती आरोहीला घेऊन रिक्षानं इथं आली.

मी म्हणलं, "दीपमाला, ऐक. एवढी एक म्हैस..."

तिनं पर्समधून सर्टिफिकेट काढून बाजेवर ठेवलं. बोलली असती तर बरं होतं.

मग मी उठून हळूच बसवंतीजवळ गेलो. बूट न घालताच. कडूबाईंनी शिकवलं होतं तसं म्हणलं, "बा यव्वा, बा." म्हणजे ये बाई, ये. ती आली नाही, पण गेलीही नाही. मानेवर हात ठेवला. माझा हात थरथरत नव्हता. सुई लावली, काढली. तिनं मान वळवून बघितलं, एवढ्यासाठी दोन वर्षं गोंधळ घातला का, अशा नजरेनं.

आजचा आकडा १. आभाळ पडलं नाही. मला वाटलं होतं पडेल.

७ डिसेंबर, रविवार

दीपमाला सकाळी म्हणाली, "चला, बाबूरावांना भेटून येऊ."

मी जूनपासून त्यांची गावं सांभाळतोय, पण भेटायला एकदाही गेलो नव्हतो. वेळ कुठं होता! ते आजारी आहेत एवढंच ठाऊक होतं. अर्धांगवायू म्हणजे नेमकं काय, ते बघितलं नव्हतं.

बाबूराव खुर्चीत होते. तोंड एका बाजूला ओढलेलं. बायको चमच्यानं खिमट भरवत होती. वय अठ्ठेचाळीस. मला बघून त्यांचे डोळे चमकले. बोलायला लई प्रयत्न करत होते. आम्ही तिघंही त्यांच्या तोंडाकडं कान नेऊन बसलो. पाच मिनिटांनी शब्द निघाले.

"टार्गेट... किती... झालं?"

त्यांच्या बायकोनं चमचा वाटीत टाकला आणि आत गेली.

मी म्हणलं, "झालं सगळं. शंभर टक्के." त्यांना बरं वाटलं. खोटं बोललो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं ते बाबूरावांना बहुतेक आनंदाचं वाटलं असावं.

घरी परतलो. दारात कुलूप काढताना दीपमाला म्हणाली, "मला चमचा धरायचा न्हाई. एवढंच सांगते."

८ डिसेंबर, सोमवार

रजेचा अर्ज लिहिला. पहिल्या कागदावर सवयीनं लिहिलं गेलं, "सदर नर, वय ४१ वर्षे, रंग सावळा, शिंगे नाहीत, तीन आठवड्यांपासून सुस्त, दावणीला अडखळतो." आरोहीनं तो कागद ठेवून घेतलाय. दुसरा नीट लिहिला, सर्टिफिकेट जोडलं आणि तालुक्याला जाऊन हातात दिला.

साहेब म्हणले, "मग लस कोण देणार बिराजदार?"

मी म्हणलं, "मला माहीत न्हाय साहेब."

एकोणीस वर्षांत मी हे वाक्य वापरलं नव्हतं. लई हलकं आहे बोलायला. शिवाय हेही लिहून दिलं की बाबूरावांची पाच गावं मला जमणार नाहीत. साहेबांनी अर्ज वाचला, माझ्याकडं बघितलं, आणि पाणी मागवलं. माझ्यासाठी का स्वतःसाठी, कळलं नाही. दोघं अर्धं अर्धं प्यालो.

१० डिसेंबर, बुधवार

विश्रांती: काल ३ तास १० मिनिटं. आज दुपारपर्यंत २ तास ४०. उद्दिष्ट रोज ६ तास. म्हणजे काल ५३ टक्के. उरलेल्या दिवसांत भरून काढावी लागेल. आज बसून राहणं ४५ मिनिटं, आकाशाकडं बघणं १० मिनिटं.

नंतर: दीपमालानं हे पान वाचलं. घड्याळ आणि पेन दोन्ही काढून घेतली. हे आरोहीच्या स्केचपेननं लिहितोय.

१२ डिसेंबर, शुक्रवार

आमच्या खात्याच्या ग्रुपवर निरोप आला. लसीकरणाची मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली आहे.

नुसतं एका ओळीत. खाली बावीस जणांनी हात जोडलेलं चित्र टाकलंय. मी तो निरोप चार वेळा वाचला. मग वाटलं खूप चिडावं, ओरडावं. पण दुपारची वेळ होती, दीपमाला अंगणात शेंगा फोडत होती, मीही फोडायला बसलो. बसून बसून चिडायचं राहूनच गेलं.

१६ डिसेंबर, मंगळवार

कामावर रुजू. रक्तदाब एकशे अडतीस. डॉ. निकिता म्हणल्या, गोळ्या चालू ठेवा आणि बोलणं थोडं माणसांसारखं करा. तिथं वजनकाट्यावर उभं राहताना मी त्यांना म्हणलं होतं, "जिवंत वजन किती?"

मी नव्हतो तेव्हा साहेबांनी दुसऱ्या तालुक्यातून दोघांना पाठवलं होतं. त्यांनी आठ दिवसांत सहाशे केली. बाबूरावांची तीन गावं एकाला दिली, दोन अजून माझ्याकडं आहेत. भांडणार आहे. रोजची शंभर ठरवलीत, जास्त नाहीत. शंभरावी झाली की पेटी बंद. आज एकशे दोन झाली, कारण दोन वासरं रडायला लागली की मग राहवत नाही.

एक वाजता मामांनी भाकरी सोडली, मीही सोडली. दीड वाजता त्यांनी पोतं अंथरलं. मला म्हणले, "साहेब, तुमच्यासाटी पन एक आणलंय. खताचं हाय, जरा वास येतो."

झोप लागली नाही. पण पडलो.

२१ डिसेंबर, रविवार

नळदुर्गचा किल्ला बघायला गेलो. आरोही तीन वर्षं मागं लागली होती. फोन घरी ठेवला. मी ठेवला नाही, दीपमालानं ठेवला, पण मी आणायला परत गेलो नाही.

दुपारी तटाच्या सावलीत शेंगाची पोळी आणि दही काढलं. तेवढ्यात खालच्या वाटेनं एक म्हातारबाबा शेळी घेऊन चालले होते. शेळी मागच्या उजव्या पायानं लंगडत होती. मी ठरवलं होतं बघायचं नाही. बघितलं. खूर वाढलाय, हे इतक्या लांबून कळत होतं. आरोही माझ्याकडं बघत होती, दीपमाला दह्याकडं.

बाबांनी विचारलं, "तुमी ते जनावराचे डाक्टर न्हवं? आमच्या पावण्याच्या गावाला येत हुताव."

"व्हय."

"हिचा पाय बगता का जरा? दोन दिस झाले."

मी अर्धा उठलो होतो. शेळीनं तोवर पुढं होऊन माझ्या ताटातली पोळी उचलली आणि उभ्या उभ्या चावायला लागली. मोठ्या समाधानानं.

मी परत खाली बसलो. "बाबा, खातीय म्हणजे घाई न्हाय. खूर कापावा लागंल. उद्या दवाखान्यात घेऊन या, दहा वाजता."

"लांबनं यायचं हाय. उद्या असतालाव का तुमी? नक्की?"

दीपमालानं दह्यावरून नजर उचलली.

"असतो की," मी म्हणलं. "उद्या बी असतो, परवा बी असतो. या सावकाश."

बाबा गेले. शेळी गेली. दीपमालानं तिच्या ताटातली अर्धी पोळी माझ्या ताटात टाकली आणि म्हणाली, "हळू खावा."